चाचणी कोणाची?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी तिची भावंडे जन्माला आली. या व्यासपीठांवर राजकारण, इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान असे मोठमोठे विषय येऊन जातात. माझा आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. एकाच इयत्तेला एकच विषय शिकवणारे तीन-चार शिक्षक आठवड्यातून एकदा एका टेबलाभोवती बसले, त्यांनी मिळून पाच-सहा प्रश्न काढले आणि मुलांची उत्तरेही मिळून वाचली, तर काय होते, एवढेच मला सांगायचे आहे. विषय लहान असला तरी पुष्कळ मुलांचे बरेवाईट त्यावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे. आणि ते आपल्याला पटवून द्यावे, म्हणून मी आपला हा वेळ मागून घेतला आहे.

हे दिवस निकालांचे आहेत. कोणाच्या घरी पेढे येतात, कोणाच्या घरी दार लावून घेतले जाते. परीक्षा म्हटले की निकाल आणि निकाल म्हटला की टक्के, एवढाच अर्थ आता आपल्या मनात उरला आहे. परंतु आपल्या भाषेत परीक्षेचा आणखी एक, फार शहाणा अर्थ आहे आणि तो स्वयंपाकघरात जपलेला आहे. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. माणसांची पारख करताना ही म्हण आपण सर्रास वापरतो. पण मूळ कृती जरा आठवा. घरची बाई शीत केव्हा दाबून पाहते? भात चुलीवर असताना. शीत कच्चे लागले, तर ती पाण्याचा हबका मारते, आच कमी करते, झाकण ठेवून थोडी थांबते. भाताला नापास करणे हा तिचा हेतू नसतो. पुढे आपण काय करावे, हे तिला कळून घ्यायचे असते. पंगत बसल्यावर, पाने वाढून झाल्यावर कोणी शीत दाबून पाहिले, तर त्याचा उपयोग एकच: स्वयंपाकाला नावे ठेवणे.

शाळेतही अशा दोन परीक्षा आहेत. वर्षअखेरची परीक्षा ही पंगतीतली परीक्षा. ती हवी, कोणाला पुढच्या वर्गात घालावे, कोणाला कोणते शिक्षण द्यावे, हे ठरवण्यासाठी समाजाला ती लागतेच. दुसरी परीक्षा चुलीवरची. शिकवणे चालू असताना, सुधारायला वेळ शिल्लक असताना घेतलेली. या दोहोंमधला फरक शास्त्रीय भाषेत प्रथम नेमका मांडला तो मायकेल स्क्रिव्हन या तत्त्वज्ञाने, १९६७ साली. आणि तो वर्गातल्या मुलांच्या शिक्षणाला लावून दाखवला शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी. हे ब्लूम आपल्याला परके नाहीत. १९५७ साली ते भारतात आले होते, परीक्षापद्धतीच्या सुधारणेसाठी त्यांनी शिक्षकांची शिबिरे घेतली होती. आपल्या राज्यात आता या दोन परीक्षांना अधिकृत नावे आहेत: वर्षाच्या किंवा सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन, आणि शिकता शिकता होते ते आकारिक मूल्यमापन. ‘आकारिक’ हा शब्द थोडा जड खरा, पण अर्थाने चांगला आहे. चाकावरच्या मातीला आकार देता देता कुंभार बोटांनी चाचपून पाहतो, तसे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी आठ साधने शिक्षकाच्या हाती दिली गेली. कल्पना उत्तम होती. पण कल्पना शाळेत पोचेपर्यंत तिचे पुष्कळ ठिकाणी रजिस्टर झाले. वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, त्या वेळेवर भरायच्या, तपासायला साहेब आले की दाखवायच्या. नोंदींची छापील पुस्तके बाजारात मिळू लागली, आणि ‘गणितात रुची दाखवतो’ हे वाक्य एका मुलाच्या नावापुढून दुसऱ्याच्या नावापुढे सुखाने प्रवास करू लागले. शीत दाबून पाहण्याऐवजी शीत दाबल्याची नोंद करणे एवढेच काम उरले, तर भात करपणारच.

हे का झाले? शिक्षक आळशी आहेत म्हणून झाले, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे असे की, हे काम आपण एकेकट्या शिक्षकावर टाकले, आणि हे काम एकट्याचे नाही. ते का नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. उदाहरण गणितातले आहे. पण घाबरू नका, पाचवीच्या पुढचे नाही.

समजा, एका शाळेत पाचवीच्या तीन तुकड्या आहेत. अ तुकडीला एक अनुभवी बाई, ब ला एक सर, क ला नुकत्याच लागलेल्या दुसऱ्या बाई. पुढच्या आठवड्यात दशांश अपूर्णांक शिकवायचे आहेत. शिकवण्यापूर्वीच तिघे एकत्र बसतात आणि ठरवतात की, हा धडा संपला तेव्हा मुलाला काय आले पाहिजे. तिघांचेही उत्तर एकच: दोन दशांश संख्यांमधली मोठी कोणती, हे ओळखता आले पाहिजे आणि का, तेही सांगता आले पाहिजे.

अनुभवी बाई म्हणतात, “मी विचारीन, ०.६७ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या कोणती?”

सर म्हणतात, “बाई, हा प्रश्न दशांश मुळीच न समजलेले मूलही बरोबर सोडवील. सदुसष्ट पंचेचाळिसापेक्षा मोठे, एवढे त्याला दुसरीपासून ठाऊक आहे. आपण ०.६ आणि ०.४५ देऊ. पंचेचाळीस सहापेक्षा मोठे असे समजणारा इथे सापडेल.”

यावर नव्या बाई थोड्या संकोचाने म्हणतात, “सर, पण माझ्या वर्गात काही मुले अगदी उलटे समजतात. दशांशापेक्षा शतांश लहान असतो ना, म्हणून ज्या संख्येत आकडे जास्त ती लहान, असा त्यांचा हिशेब. ती मुले ०.६ हेच उत्तर देतील, आणि आपल्याला वाटेल की त्यांना समजले. त्यांना ०.३ आणि ०.४५ विचारा. ती ०.३ मोठी म्हणतील.”

पाहा, दोन मिनिटांत काय झाले! एकट्या बाईंनी काढलेल्या प्रश्नावर सगळा वर्ग उत्तीर्ण झाला असता. एकट्या सरांच्या प्रश्नावर एका जातीची चूक पकडली गेली असती आणि दुसरी निसटली असती. तिघांनी मिळून केलेल्या दोन प्रश्नांत दोन्ही सापडल्या. आणि या चुका मी कल्पनेने रचलेल्या नाहीत. इस्रायल, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांतल्या मुलांमध्ये संशोधकांनी या दोन्ही समजुती नोंदवल्या आहेत. मूल कुठलेही असो, ते चुकते ते काहीतरी विचार करूनच चुकते.

आपल्या मुलांना तर असे चुकायला आपण मोठी माणसेच शिकवतो. दुकानात आपण ‘पॉइंट पंचेचाळीस’ म्हणतो. मग मुलाने त्यात पंचेचाळीस ऐकले, तर त्याचा काय दोष? क्रिकेटच्या फलकावर ४.५ षटके लिहिलेली असतात. ती साडेचार षटके नव्हेत. चार षटके आणि पाच चेंडू. आणखी एक चेंडू पडला की पाच षटके पूर्ण होतात. घड्याळात २.३० म्हणजे अडीच. गणिताच्या वहीत मात्र २.३० म्हणजे अडीच नव्हे. एकच टिंब, आणि तीन ठिकाणी तीन अर्थ. हा सगळा व्यवहार पाहणाऱ्या हुशार मुलाने गोंधळात पडावे, हेच साहजिक आहे. त्याला ‘लक्ष नसते’ असा शेरा देऊन मोकळे होणे सोपे. त्याचा हिशेब कुठे वळला, हे शोधणे अवघड.

आता चाचणी झाली. पाच-सहाच प्रश्न, वीस मिनिटांचे काम, तिन्ही तुकड्यांना एकाच दिवशी. संध्याकाळी तिघे पुन्हा बसतात. इथे एक नियम पाळायचा: गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की कागद उतरत्या क्रमाने लागतात. आणि आपल्याला हवे आहेत ते गठ्ठे. दोन्ही प्रश्न बरोबर आले, तो एक गठ्ठा. आकडे जास्त म्हणून संख्या मोठी मानणारे, तो दुसरा. आकडे जास्त म्हणून लहान मानणारे, तो तिसरा. आणि काही केल्या उलगडा होत नाही, तो चौथा. त्यांच्याजवळ दुसऱ्या दिवशी बसून बोलायचे.

गठ्ठे लागले की ते बोलू लागतात. एकच चूक तिन्ही तुकड्यांत सारखी असेल, तर दोष मुलांचा नव्हे. आपल्या शिकवण्यात, कदाचित पुस्तकातल्या मांडणीत काहीतरी राहून गेले आहे. एकाच तुकडीत ती चूक कमी असेल, तर त्या शिक्षकाने काहीतरी वेगळे केले आहे. मग अनुभवी बाईच विचारतात, “सर, तुम्ही काय केलेत?” सर सांगतात की, त्यांनी शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी आणली होती. ०.६ मीटर म्हणजे ६० सेंटिमीटर, ०.४५ मीटर म्हणजे ४५ सेंटिमीटर. मुलांनी दोऱ्याचे तुकडे कापून शेजारी शेजारी ठेवले. बाई म्हणतात, “मी तर रुपये-पैसे सांगितले. वर्षानुवर्षे तेच सांगते.” त्यावर नव्या बाई म्हणतात, “पण बाई, मुलांनी पैसे पाहिलेत कुठे?” खरेच आहे. २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आज पाचवीत बसलेल्या मुलाचा जन्म त्यानंतरचा. तीस वर्षे हमखास लागू पडलेले औषध निकामी झाले होते, आणि ते बाईंना कळले ते शेजारच्या वर्गातले कागद पाहून. एरवी त्या म्हणाल्या असत्या, हल्लीची मुले पूर्वीसारखी राहिली नाहीत.

पुढचे काम सरळ आहे. दोन दिवस एक तास तिन्ही तुकड्यांतली मुले गठ्ठ्याप्रमाणे बसतात. एक गठ्ठा सरांकडे, एक नव्या बाईंकडे. ज्यांना येते त्यांना अनुभवी बाई थोडे कठीण गणित घालतात. आठ दिवसांनी संख्या बदलून तेच दोन प्रश्न पुन्हा विचारतात. ज्यांच्या चुका तशाच राहिल्या, त्यांची नावे आता तिघांनाही ठाऊक असतात. ‘माझी मुले’ आणि ‘तुमची मुले’ हा भेद तेवढ्यापुरता मिटतो. माझ्या मते या पद्धतीचा हा सर्वांत मोठा लाभ होय.

कोणी म्हणेल, एवढ्याशा टिंबासाठी एवढा खटाटोप कशाला? दशांश न समजलेले मूल टक्केवारीत अडखळते, व्याजात अडखळते, विज्ञानाच्या मापनात अडखळते. प्रत्येक वर्षी नवा धडा जुन्या भेगेवर रचला जातो. वर्षअखेरच्या परीक्षेत ते पस्तीस गुण मिळवून पुढे सरकते, आणि नववीत ‘गणित त्याचे नाहीच’ असा निर्णय घरात होतो. मग ज्यांना परवडते ते क्लास लावतात. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले गणिताच्या वाटेला जाणे सोडतात. वाचनाचेही असेच आहे. ‘असर’ नावाची देशव्यापी पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासते. २०२२ साली पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के निघाली. २०२४ साली ४८.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले तीन वर्षे मागे राहून पाचवीच्या बाकावर बसली होती. ती एका दिवसात मागे पडली नाहीत. दर आठवड्याला थोडी थोडी मागे पडत गेली, आणि त्या आठवड्यात ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पाचवी-आठवीला नापास करावे की करू नये, हा वाद २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि आपल्या राज्यात २०२३ च्या नियमबदलानंतर पुन्हा रंगला. वाद जरूर घाला. पण मूल कोणत्या आठवड्यात मागे पडले, हे ठाऊक नसेल, तर त्याला वर ढकलले काय आणि खाली बसवले काय, त्याची अडचण त्याच्याबरोबरच जाणार!

इतर देशांचा अनुभव काय सांगतो? लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ साली या विषयावरचे शेकडो अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला की, शिकता शिकता घेतलेल्या चाचणीचा उपयोग शिकवणे बदलण्यासाठी केला, तर मुलांची प्रगती लक्षणीय वाढते. आणि मागे पडलेल्या मुलांना तिचा लाभ विशेष होतो. नंतर त्यांनी मेडवे आणि ऑक्सफर्डशायर या भागांतल्या सहा शाळांमधील गणिताचे आणि विज्ञानाचे मिळून चोवीस शिक्षक निवडले. त्यांना तयार पाठ दिले नाहीत. तत्त्व सांगितले, आणि आपापल्या वर्गात ते कसे उतरवायचे, हे त्या शिक्षकांनी वारंवार एकत्र बसून ठरवले. अमेरिकेत शिकागोजवळच्या लिंकनशायर गावी स्टीव्हन्सन हायस्कूल आहे. १९८३ साली रिचर्ड डुफोर तेथे मुख्याध्यापक झाले. त्यांच्या कारकिर्दीत तेथे एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनी गट करून समान चाचण्या तयार करण्याची रीत रुजली, आणि पुढे त्या देशातल्या अनेक शाळांनी ती उचलली. जपानात तर शिक्षकांनी मिळून एक पाठ तयार करायचा, एकाने तो घ्यायचा आणि बाकीच्यांनी वर्गात उभे राहून पाहायचा, ही प्रथा फार जुनी आहे. नमुना पाठ आपल्याकडेही होतात. पण आपण पाहतो शिक्षकाकडे, आणि ते पाहतात मुलांच्या वह्यांकडे.

गुणांविषयी मी मघाशी जे बोललो, त्यालाही आधार आहे. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली इस्रायलमधल्या मुलांचे तीन गट केले. एकाला नुसते गुण दिले, दुसऱ्याला नुसता शेरा, म्हणजे काय चुकले आणि काय करावे याचे दोन शब्द. तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुले गुण पाहून थांबली. शेऱ्याचा उपयोग त्यांना झाला नाही. आपल्या घरी उत्तरपत्रिका येते तेव्हा आपली नजर प्रथम कोठे जाते, ते आठवा.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वेळेचा. शिक्षकाला अध्यापनाखेरीज निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत इतकी कामे आहेत की, एकत्र बसायला वेळ कोठून आणावा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी म्हणतो की, नवे काम वाढवू नका; जुने टाका. ज्या नोंदी कोणी वाचत नाही, त्या लिहिण्याचा वेळ या बैठकीला द्या. सर्व धड्यांच्या चाचण्या नकोत. जे चार-पाच घटक पुढच्या वर्गाचा पाया आहेत, त्यांच्यापुरत्याच करा.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. प्रत्येक शिक्षकाची शिकवण्याची ढब वेगळी. तिला एका साच्यात का कोंबता? तर साचा नको आहेच. कसे शिकवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. काय आले पाहिजे आणि ते आले हे कशावरून ओळखावे, एवढेच मिळून ठरवायचे. ख्याल मांडण्याची रीत प्रत्येक गवयाची निराळी असते. समेवर मात्र सर्वांना यावे लागते.

तिसरा आक्षेप खेड्यांचा. दोन शिक्षकी शाळेत तीन तुकड्यांचे तीन शिक्षक कोठून आणणार? याचे उत्तर आपल्याच मातीतल्या एका माणसाने देऊन ठेवले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक १९६४ ते १९६६ या काळातल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांचा समूह करावा, आणि शिक्षकांचे एकटेपण मोडावे, अशी शिफारस त्या आयोगाने केली. आज आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, केंद्राच्या शिक्षण परिषदाही भरतात. त्या परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी चौथीला शिकवणाऱ्या दहा शाळांच्या दहा शिक्षकांनी मुलांचे कागद टेबलावर पसरले, तर खेड्यातल्या शिक्षकालाही सोबती मिळतात.

चौथा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. तीन तुकड्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले की तुलना होणारच. ती तुलना शिक्षकाविरुद्ध वापरली जाणार नाही कशावरून? इथे इतिहासाचा एक धडा आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने असा नियम झाला की, शाळातपासनिसाने प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घ्यावी आणि निकालाप्रमाणे शाळेला अनुदान द्यावे. हेतू काटकसरीचा आणि उत्तरदायित्वाचा होता. परिणाम असा झाला की, मुलांकडून वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी स्वतः शाळातपासनीस होता. त्याने या पद्धतीला सतत विरोध केला. ती नाहीशी व्हायला १८९० चे दशक उजाडावे लागले. शिक्षकाची भाकरी मुलाच्या उत्तराला बांधली की शिक्षक चूक शोधायचे सोडतो आणि झाकायला लागतो. यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. ती जागाच तशी आहे.

म्हणून शिक्षकांनी मिळून केलेली चाचणी आणि वरून आलेली चाचणी, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात राज्यभर पायाभूत चाचण्या घेतल्या गेल्या. राज्याचे चित्र कळण्यासाठी अशा पाहणीचा उपयोग आहे. पण राज्याने काढलेला प्रश्न पाचवी क मधल्या कोणत्या मुलाने कसा विचार केला, हे बाईंना वेळेवर सांगू शकत नाही. तो त्याचा धंदाच नव्हे. शिक्षकांच्या बैठकीतले कागद शिक्षकांपाशीच राहिले पाहिजेत. त्यांचे तक्ते करून वर पाठवले, कोणाची तुकडी पहिली आणि कोणाची शेवटची हे फळ्यावर लिहिले, की त्या दिवसापासून सगळे गठ्ठे एकाएकी ‘बरोबर’ चे होतील! ज्या बैठकीत अनुभवी बाई नव्या बाईंना ‘तुम्ही कसे शिकवलेत?’ असे विचारू शकतात, ती बैठक विश्वासावर उभी असते. तो विश्वास हुकूम काढून मिळत नाही, आणि एका हुकमाने मोडता मात्र येतो.

आता आपल्याकडे, म्हणजे नागरिकांकडे आणि पालकांकडे वळतो. आपल्यापैकी काहीजण शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी असतील. त्यांना माझी विनंती एवढीच की, जूनमध्ये वेळापत्रक होईल तेव्हा एका इयत्तेच्या एका विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातला एक तास एकत्र मोकळा ठेवा. याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही, संगणक लागत नाही. मुख्याध्यापकांनी त्या तासाला बदली तास लावू नये आणि त्या बैठकीचा अहवाल मागू नये, एवढे पथ्य पुरे. जे शिक्षक आहेत त्यांना सांगतो, शाळेच्या हुकमाची वाट पाहू नका. शेजारच्या वर्गातला एक सोबती शोधा, एक धडा निवडा, दोन प्रश्न मिळून काढा. तेवढ्याने सुरुवात होते.

आणि पालकहो, मूल चाचणी देऊन घरी आले की ‘किती मिळाले?’ हा प्रश्न आपल्या तोंडी आपोआप येतो. तो थोडा बाजूला ठेवून ‘काय अडले?’ असे विचारून पाहा. पहिल्या दिवशी मूल गप्प बसेल, कारण अडले असे कबूल केले की बोलणी बसतात, हे ते शिकलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलेल. पालकसभेतही शिक्षकांना वर्गाची सरासरी विचारू नका. या महिन्यात मुलांची कोणती चूक सापडली आणि तिचे आपण काय केलेत, असे विचारा. जो शिक्षक या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देईल आणि म्हणेल, ‘आम्ही तिघांनी मिळून पाहिले, पहिल्यांदा जमले नाही, पुन्हा शिकवतो आहोत’, त्याला कमी लेखू नका. त्याच्या हाती आपले मूल निर्धास्तपणे द्यावे.

आपल्या समाजात परीक्षा देणारा नेहमी मुलगा असतो आणि घेणारा नेहमी मोठा माणूस. मी सांगितलेल्या चाचणीत कागद मुलाचा असतो, पण तपासले जाते ते आपले शिकवणे. आणि ते एकट्याने तपासणे माणसाला जड जाते, म्हणून चौघांनी मिळून तपासायचे. शाळा उघडायला अजून काही आठवडे आहेत. या गावातल्या दोन शाळांत जरी यंदा असा एक तास सुरू झाला, तरी त्या शाळांतले जे मूल यंदा एखाद्या टिंबापाशी अडणार आहे, त्याच्याकडे त्याच आठवड्यात कोणाचे तरी लक्ष जाईल. माझी अपेक्षा तेवढीच आहे.